नीरेकाठी आलेली डिक्री

पुण्याहून पंढरपूरकडे जाणारा पालखीमार्ग फलटण आणि बरड मागे टाकतो, धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात शिरतो आणि नातेपुत्याला येतो. माउलींच्या पालखीचा या जिल्ह्यातला पहिला मुक्काम इथलाच. उत्तरेला नीरा, दक्षिणेला शिखर शिंगणापूरचे डोंगर आणि मधली जमीन कमी पावसाची, शाळूची. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा नीरेपलीकडचा इंदापूर आणि भीमथडीचा मुलूख कंपनी सरकारने स्वतःकडे ठेवला. नीरेच्या दक्षिणेचा मुलूख २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने साताऱ्याच्या प्रतापसिंह छत्रपतींना मिळाला आणि माळशिरसचा हा भाग साताऱ्याच्या राज्यात राहिला. पश्चिमेला लागूनच फलटणच्या निंबाळकरांची जहागीर होती. त्यामुळे नातेपुत्याच्या आसपास काही कोसांच्या अंतरात न्यायाच्या तीन तऱ्हा नांदत होत्या. नदी ओलांडली की कंपनीचे कोर्ट, अलीकडे छत्रपतींचा दरबार आणि पंचायत, मावळतीला फलटणकरांची कचेरी.

पुढच्या साठ वर्षांत या प्रदेशातल्या शेतकऱ्याच्या आयुष्यावर सर्वांत जास्त परिणाम कशाचा झाला असेल, तर माझ्या मते तो 'डिक्री' या गोष्टीचा. रेल्वे, दुष्काळ, सारावाढ यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. डिक्रीचा इतिहास मात्र कायद्याच्या पुस्तकांत पडून राहिला. गावात तो शब्द दबक्या आवाजात बोलला जाई. 'डिक्री झाली', 'डिक्री बजावली', 'डिक्रीत गेले', एवढ्यावर सारे समजत असे.

डिक्री यायच्या आधी इथे काय होते ते आधी पाहू. वतनाचा, हद्दीचा किंवा देण्याघेण्याचा कज्जा उभा राहिला की तो पंचायतीपुढे, गोतापुढे येई. वादीला अग्रवादी म्हणत, प्रतिवादीला पश्चिमवादी. आधी दोघांकडून राजीनामा लिहून घेत, म्हणजे होईल तो निर्णय मान्य करू अशी कबुली, आणि जामीन घेत. मग दोघांच्या तकरिरी, कागदपत्रे, साक्षी. पुरेसा पुरावा नसेल तर दिव्य. शेवटी महजर किंवा निवाडपत्र होई, त्यावर जमलेल्यांची नावे आणि निशाण्या पडत. हरलेला यजितखत लिहून देई. जिंकलेल्याकडून सरकार हरकी घेई, हरलेल्याकडून गुन्हेगारी. या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. उकळत्या तेलातून रवा काढण्याने सत्य ठरत नाही, जातीची उतरंड पंचायतीतही बसलेली असे आणि हरकीच्या आशेने सरकारी कामगार कज्जे लांबवत. पण एक गोष्ट तिच्यात होती. निर्णय व्हायचा तो दोघांनाही ओळखणाऱ्या माणसांसमोर. कर्ज कशासाठी काढले, किती फिटले, कोणत्या साली पीक बुडाले, हे बसलेल्यांना आधीच ठाऊक असे. सावकारालाही त्याच गावात राहायचे होते.

त्या निर्णयाला आपण निवाडा म्हणतो. शब्द निवडण्यावरून आला आहे. दाणे एकीकडे, खडे एकीकडे.

आता डिक्रीचे मूळ पाहा. इंग्रजीत तो शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिनमधले रूप 'देक्रेतुम', त्याचे क्रियापद 'देकेर्नेरे', आणि त्याच्या पोटातले 'केर्नेरे' म्हणजे चाळणे, वेगळे करणे. चाळून वेगळे केल्यावर जे ठरते ते देक्रेतुम. रोमन सम्राटांच्या आज्ञांचे कायदेपंडितांनी प्रकार पाडले होते. सर्वांसाठी काढलेला जाहीरनामा तो एदिक्तुम. अधिकाऱ्यांना दिलेल्या सूचना त्या मांदाता. अर्जाला दिलेले लेखी उत्तर ते रेस्क्रिप्तुम. आणि दोन्ही बाजू ऐकून सम्राटाने न्यायाधीश म्हणून दिलेला निर्णय तो देक्रेतुम. चारही आज्ञाच, सारख्याच बंधनकारक. पण चौथीच्या आधी ऐकणे होते. पुढे ख्रिस्ती धर्मपीठाने हा शब्द उचलला. ११४० च्या सुमारास ग्रेशियनने धर्मकायद्याचा जो मोठा संग्रह केला त्याला 'देक्रेतुम' हेच नाव पडले. इंग्लंडमध्ये सामान्य कायद्याची कोर्टे देत त्या निकालाला वेगळा शब्द होता. 'डिक्री' देई ते चान्सरी कोर्ट, आणि चान्सरीची ख्याती अशी की ते कागदावरच्या अक्षरावर थांबत नसे, कागदामागचा व्यवहार उकलून पाही. गहाण टाकलेली जमीन मुदत चुकली म्हणून कायमची जाऊ नये, ही समजूत इंग्लंडात चान्सरीनेच रुजवली.

हिंदुस्थानात हा शब्द दिवाणी कायद्यातून आला आणि कोर्टाच्या कारकुनांनी त्याला मराठीत 'हुकूमनामा' केले. हुकूम अरबी, नामा फारसी. गंमत अशी की अरबीत 'हुक्म' या शब्दाचा अर्थही आधी निर्णय, न्याय असा आहे. हाकीम, महकमा हे त्याच घरातले. मराठीत येईपर्यंत त्यातला न्याय मागे पडला होता आणि आज्ञा तेवढी उरली होती. डिक्री नीरेकाठी आली ती या हुकूमनाम्याच्या रूपात.

१८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले आणि नीरेच्या अलीकडेही कंपनीचा अंमल सुरू झाला. पलीकडे तोवर तीस वर्षे उलटली होती. एल्फिन्स्टनने पंचायती टिकवण्याचा विचार मांडला होता, तरी १८२७ च्या त्याच्याच नियमसंग्रहाने कोर्टांचा सांगाडा उभा केला आणि पंचायत बाजूला पडत गेली. १८५५ च्या कायद्याने व्याजावरची जुनी मर्यादा उठली. १८५९ मध्ये दोन कायदे एकामागोमाग आले. एक दिवाणी कार्यपद्धतीचा, आठवा. दुसरा मुदतीचा, चौदावा. दोन्ही कायदे करणाऱ्यांचे हेतू वाईट नव्हते. जुनेपुराणे कज्जे उकरले जाऊ नयेत आणि कोर्टाचे काम सरळ व्हावे, एवढेच त्यांना हवे होते. पण दख्खनच्या कोरडवाहू गावात या दोहोंचा जो मेळ बसला, त्यातून कापडगिरण्यांनीही केली नसती एवढी उलथापालथ झाली, असे म्हणण्याचा मोह होतो. मी आकडे सोडून यंत्रणाच सांगतो.

मुदतीच्या कायद्याने साध्या खताला तीन वर्षांचे आयुष्य ठरवले. तीन वर्षांत दावा लावला नाही तर खत मेले. सावकाराला पैसा बुडवायचा नव्हता आणि कुळाकडे तीन वर्षांत फेडण्याइतके पीक येत नव्हते. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस नवे खत होई, आणि त्यात मागचे व्याज मुद्दल म्हणून लिहिले जाई. दरमहा शेकडा दोन रुपये दराने शंभर रुपये घेतले असे धरू. तीन वर्षांनी व्याज ७२, नवे खत १७२ चे. आणखी तीन वर्षांनी ते सुमारे २९६ चे. नवव्या वर्षी सुमारे ५०९ चे. हातात आलेले शंभरच. दामदुपटीचा जुना नियम सांगे की व्याज मुद्दलापेक्षा वाढू द्यायचे नाही, म्हणजे शंभराचे फार तर दोनशे. पण दर तीन वर्षांनी मुद्दलच नवे झाले तर दामदुपट मोजायची कुठून? शेतकऱ्याच्या रक्षणासाठी आखलेली मुदत त्याच्याच गळ्याला लागली. अंगठा उठवताना त्या खतात काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नसे. साऱ्याच्या हप्त्यासाठी पैसा आजच हवा असे आणि तो देणारा माणूस एकच असे.

मग दावा. कोर्ट गावात नसे. समन्स कधी पोचे, कधी पोचल्याचा शेरा तेवढा पडे. पोचले तरी बैलगाडी जोडून, सुगी टाकून, वकिलाला पैसे देऊन जाण्यात काय हशील, कारण खत खरे, अंगठा खरा, मग बोलायचे काय? कुळ जात नसे. न्यायाधीश खत पाही, सही पटली की एकतर्फी हुकूमनामा होई. न्यायाधीश अप्रामाणिक होता असे नाही. कायद्याने त्याला खतापलीकडे पाहायला सांगितलेलेच नव्हते. शंभराचे पाचशे कसे झाले हा प्रश्न कोणाच्याच कामाचा राहिला नाही. चाळण्यावरून नाव पडलेली गोष्ट अशी न चाळताच बाहेर पडू लागली.

डिक्री हातात आली की दरखास्त, जप्ती, बेलीफ, लिलाव. लिलावात बोली लावणारा बहुधा डिक्रीवालाच असे. शिवाय देणेकऱ्याला दिवाणी तुरुंगात घालण्याची सोय होती. प्रत्यक्ष तुरुंगात थोडेच गेले. धाक पुरे होता. डिक्री बजावण्यापेक्षा ती दप्तरात ठेवून दाखवण्यात सावकाराचा फायदा जास्त, कारण मग कुळ आपल्याच शेतात त्याच्यासाठी राबत राही आणि पुन्हा नव्या खतावर अंगठा देई. १८७२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने दरभंग्याच्या एका प्रकरणात म्हटले होते की हिंदुस्थानात दावेदाराच्या अडचणी डिक्री मिळाल्यावर सुरू होतात. दरभंग्यात ते खरे असेल. नीरा आणि भीमेच्या खोऱ्यात डिक्रीनंतर अडचणी सुरू होत त्या दुसऱ्या बाजूच्या.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आणला आणि सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळले, पत आटली. त्यातच १८६७ पासून इंदापुराकडून फेरपाहणी सुरू झाली आणि सारा वाढला. हे तेच इंदापूर, जिथे १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी रयतवारी पाहणीची घडी बसवली होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेने शेतकऱ्याच्या अवस्थेची गावोगाव चौकशी केली, अर्ज केले. दरम्यान खते वाढत होती.

ठिणगी पडली ती एका डिक्रीनेच. शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर दीडशे रुपयांची डिक्री मिळवली आणि लिलावात त्यांचे घर घेऊन ते पाडायला काढले. देशमुख कर्जबाजारी होते, तरी गावचे देशमुख होते. डिसेंबर १८७४ मध्ये गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांचे शेत कसायचे नाही, त्यांच्या दुकानी जायचे नाही, हजामत नाही, पाणी नाही. बहिष्काराची ही रीत गावोगाव पसरली. मग १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात जमाव उठला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे. दुकाने फुटली, पण लोकांना हवे होते ते कागद. खते, रोखे, वह्या बाहेर काढून त्यांची होळी केली. ज्या सावकाराने खते मुकाट्याने हवाली केली त्याला बहुतेक ठिकाणी हात लागला नाही. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत हेच झाले. लष्कर आले, ९५१ जणांना अटक झाली.

सरकारी दप्तराने याला 'दख्खनचे दंगे' म्हटले. मला हे नाव अपुरे वाटते. एवढ्या मोठ्या उठावात माणसाच्या जिवापेक्षा कागदाच्या मागे लोक लागले, यात त्यांना आपले दुखणे नेमके कुठे आहे याची किती अचूक जाण होती ते दिसते. एक गोष्ट मात्र त्यांच्या हाती नव्हती. खत सावकाराच्या घरी असे, ते जाळता येई. झालेल्या डिक्रीची नोंद कोर्टाच्या दप्तरात असे.

उठावाचे लोण नीरा ओलांडून माळशिरसकडे त्या जोराने आले नाही. त्याच सुमारास, १८७५ मध्ये, माळशिरस तालुका साताऱ्यातून काढून सोलापूर जिल्ह्याला जोडला गेला. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला आणि सोलापूर जिल्हा त्यात होरपळून निघाला. ज्यांच्यावर डिक्र्या होत्या त्यांची गुरे गेली, माणसे परागंदा झाली. दुष्काळ सरता सरता वासुदेव बळवंत फडके यांचे बंड उभे राहिले. सावकारांवरच्या त्यांच्या छाप्यांनी मुंबई सरकारला चार वर्षांपूर्वीचे सुपे आठवले असणार. २० जुलै १८७९ रोजी फडके पकडले गेले, आणि त्याच महिन्यात सिमल्याला थिओडोर होप यांनी कायदेमंडळात एक विधेयक मांडले.

ते विधेयक म्हणजे १८७९ चा सतरावा कायदा, दख्खनच्या शेतकऱ्यांचा कर्जनिवारण कायदा. १ नोव्हेंबर १८७९ पासून तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. नातेपुते त्यात आले. शेजारचे फलटण संस्थान असल्यामुळे त्याला ब्रिटिश हद्दीतला हा कायदा आपोआप लागू नव्हता. दोन गावांमधल्या एका शिवेने शेतकऱ्याचे कायद्यातले स्थान बदलावे, असा तो काळ.

कायद्यात पुष्कळ काही होते. शेतकऱ्यावर दावा त्याच्या राहत्या ठिकाणच्या कोर्टातच लावायचा. पैशाच्या डिक्रीसाठी त्याला अटक करायची नाही. जमीन स्पष्टपणे तारण दिली नसेल तर ती जप्त करायची नाही. हप्ते बांधून द्यायचे. खत गावच्या नोंदणी कामगारापुढेच लिहायचे. दाव्याआधी समेट करणाऱ्याकडे जायचे. पैसे भरल्याची पावती मागण्याचा हक्क कुळाला. पण या सर्वांचा प्राण बाराव्या आणि तेराव्या कलमांत आहे. न्यायाधीशाने खत पाहून थांबायचे नाही. व्यवहार जिथून सुरू झाला तिथपर्यंत मागे जायचे, वादीला आणि प्रतिवादीला दोघांनाही विचारायचे, हिशेब पहिल्या रुपयापासून मांडायचा, खरे मुद्दल किती आणि मुद्दलाचे सोंग घेतलेले व्याज किती ते वेगळे करायचे, आणि मग डिक्री द्यायची. वर मांडलेल्या उदाहरणातले ५०९ रुपये असे उलगडत गेले की तळाशी शंभर रुपये दिसू लागत. ही चान्सरीची जुनी रीत, आणि पंचायतीचीही. पंचायतीला कुळाची कथा ठाऊक असे, नव्या न्यायाधीशाला ती विचारून घ्यावी लागणार होती, एवढाच फरक. परका कायदा इतक्या काळजीने बसवलेला क्वचित दिसतो, आणि तो बसवायला आधी सुपे पेटावे लागले.

त्यावर देखरेखीला खास न्यायाधीश नेमला होता. खालच्या कोर्टांत नोंदवही तपासायची, निकाल पाहायचे, चुकले असेल तर दुरुस्त करायचे, गावोगाव फिरायचे. महादेव गोविंद रानडे या कामात १८८१ पासून साहाय्यक म्हणून आले आणि १८८७ मध्ये स्वतः खास न्यायाधीश झाले. या फिरतीची वर्णने रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात आहेत. रानड्यांच्या अर्थशास्त्रावर बोलताना त्यांची ग्रंथसंपदा पुढे केली जाते. मला वाटते, त्यातले शेतीविषयीचे शहाणपण या फिरतीत, शेतकऱ्यांचे हिशेब उकलताना पक्के झाले. जोतीराव फुले याच सुमारास 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत होते. त्यांचा रोख कोर्टकचेऱ्यांवर आणि त्यातल्या कामगारांवर होता, आणि या कायद्याने सारे दुखणे संपले असे त्यांच्या लिखाणातून मुळीच दिसत नाही.

संपले नव्हतेच. सावकाराने वाट काढली. गहाणखत केले तर कोर्ट मागचा हिशेब काढते, मग गहाणखत करायचेच नाही. सरळ खरेदीखत करून घ्यायचे आणि तोंडी सांगायचे, पैसे आणून दे, जमीन परत लिहून देतो. कागदावर विक्री, मनात गहाण. पैसे घेऊन कुळ आले की तोंडी वचन हवेत विरे आणि खरेदीखत बोलू लागे. लेखी दस्ताविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही, हा पुराव्याच्या कायद्याचा दंडक सावकाराच्या बाजूने उभा राही. दुसरीकडे खोटेपणा उलट बाजूनेही झाला. शेतकरी नसलेलेही आपण शेतकरी आहोत असे सांगून कायद्याचा आसरा घेऊ लागले, आणि 'शेतकरी कोण' या एका प्रश्नावर निकालांचे ढीग साचले. काही भागांत सावकारांनी कर्ज देणेच आखडते घेतले, त्याचाही चटका गरिबालाच बसला.

खरेदीखताच्या या युक्तीवर सरकारने पुढे कलम १०-अ घातले. शेतकऱ्याचा व्यवहार विक्री म्हणून लिहिला असला तरी तो खरा गहाणाचा होता, हे दाखवायला कोर्टाने तोंडी पुरावा आणि आजूबाजूची परिस्थिती पाहावी, असे त्यात म्हटले होते. जमीन बाजारभावाच्या किती कमी किमतीत लिहून दिली, विक्रीनंतरही ती कोण कसत होते, सारा कोणाच्या नावे भरला जात होता, असे प्रश्न विचारले जाऊ लागले. म्हणजे डिक्रीच्या आधी जे विचारायचे ते आता खरेदीखतालाही विचारायचे.

माळशिरस तालुक्यात या कलमाचे महत्त्व विसाव्या शतकात वेगळ्याच कारणाने वाढले. भाटघरचे नवे लॉइड धरण १९२८ मध्ये झाले, नीरा उजवा कालवा फलटणकडून या बाजूला आला, आणि शाळूच्या रानात ऊस उभा राहू लागला. माळीनगरला साखर कारखाना निघाला. कोरडवाहू असताना पन्नास-पाऊणशे रुपयांत लिहून दिलेल्या जमिनीला पाणी लागल्यावर, ती विकली होती की गहाण टाकली होती, या प्रश्नाची किंमत सगळ्या कुटुंबाच्या उद्याएवढी झाली. १८७९ चा कायदा तोवर लागूच होता. १९३९ आणि १९४७ च्या मुंबईच्या कर्जनिवारण कायद्यांनी त्याची जागा घेतली. दिवाणी कोर्टात अंतिम निर्णयाच्या कागदाला मराठीत आजही हुकूमनामाच म्हणतात, आणि एकतर्फी झालेला हुकूमनामा रद्द करून मागायचा असेल तर आधी सांगावे लागते ते हेच, की समन्स मिळाले नव्हते किंवा हजर राहायला योग्य कारणाने जमले नव्हते, माझे ऐकून घ्या.